मालखान्यातला उजवा डबा

मी एक स्पीकर आहे. घरी बनवलेला, प्लायवूडचा, हातभरसुद्धा उंच नाही. बोलतोय म्हणतो खरा, पण पोटात वीज नाही आणि पाठीला तार नाही. गेले अकरा महिने मी एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात फळीवर पडून आहे. सुतळीने एक पुठ्ठा माझ्या अंगाला बांधला आहे. त्यावर लिहिलंय, 'डीजे साऊंड सिस्टीम, एक नग'.

माझा जिल्हा गोंदिया. गावाचं नाव घेत नाही; पतिरामला अजून तिथंच राहायचं आहे.

पतिराम म्हणजे मला बनवणारा. रेल्वे फाटकाजवळ त्याचं घर, आणि घराच्या ओट्यावरच दुकान. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही. लोकांनी दुरुस्त करून घेणंच सोडलं, तेव्हा मोबाईलच्या चार्जरना पिना बसवू लागला. दारावरची पत्र्याची पाटी मात्र जुनीच होती, 'साऊंड, टीव्ही दुरुस्ती'.

त्याची बायको दुर्पता. तिने बावीस वर्षं भाताच्या गिरणीत काम केलं. पट्ट्यांचा, चाळण्यांचा, कोंडा ओढणाऱ्या पंख्याचा आवाज दिवसभर डोक्यात. गिरणीतल्या बाया एकमेकींशी खुणांनी बोलत. त्या बावीस वर्षांत तिथला आवाज मोजायला एकही साहेब आला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग शब्दांच्या कडा. कोणी बोलतंय हे तिला कळे, काय बोलतंय ते कळत नसे. 'सात' आणि 'हात' तिला सारखेच. एका शिबिरात कानाचं यंत्र फुकट मिळालं. ते भांड्यांचा आवाज वाढवी आणि स्वतःच शिट्ट्या मारी. सेल संपला तेव्हा तिने ते कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं.

एकुलती मुलगी रीना हैदराबादेत नर्स. सासर तिथंच. ड्यूटी संपली की संध्याकाळी आईला फोन करी. दुर्पता फोन कानाला दाबून नुसती "हो, हो" म्हणे. एकदा रीना म्हणाली, "माय, ताप आला मले." दुर्पता हसून म्हणाली, "बरं झालं बाई." पतिराम शेजारी बसला होता. दुसऱ्या दिवशी तो गोंदियाला गेला.

तिथल्या स्पीकरच्या दुकानदाराने त्याच्यापुढे मोठमोठे डबे मांडले. "चाचा, ये ले जाओ. बेस ऐसा आएगा कि घर हिलेगा."

"बेस नाही पायजे भाऊ," पतिराम म्हणाला. "शब्द पायजे."

कंपनीचे स्पीकर घेणं त्याला झेपणारं नव्हतं. त्याने आवाज काढणारे चार इंचांचे दोन पडदे घेतले, बारीक आवाजासाठी दोन छोटे ट्वीटर घेतले आणि आवाज वाढवणारी, तळहाताएवढी अ‍ॅम्प्लिफायरची पट्टी घेतली. वीज देण्यासाठी बंद पडलेल्या लॅपटॉपचा चार्जर घरात होताच. प्लायवूड उदाराम सुताराकडचं, कोणाच्या तरी लग्नाच्या कपाटातून उरलेलं. सांध्यांतून हवा फुसकू नये म्हणून त्याने सरसात भुसा कालवून फटी बुजवल्या. पोटात सावरीचा कापूस भरला. तो दुर्पताने सालेकशाकडच्या जंगलातून वेचून आणला होता. समोर लावायला जाळी मिळेना, तेव्हा तिनेच आपलं हिरवं लुगडं फाडून दिलं.

असे आम्ही दोघं जन्मलो. उजवा मी, डावा माझा भाऊ. पट्टी, बटण आणि निळा दिवा माझ्यात. भावाला माझ्याकडून फक्त एक तार. त्याचं बोलणंही माझ्याच पोटातून जाई.

पहिल्या दिवशी पतिरामने मोठ्या ऐटीत आम्हाला सुरू केलं. "कसं वाटते?"

दुर्पताने बराच वेळ कान दिला. "दोही बाजूले बोलते जी. मधात कोणीच नाही."

पतिराम चिडला. "तुले आयकू येत नाही, आन तू मले शिकवते?"

"आयकू येत नाही, म्हणून तर ध्यान द्या लागते."

त्याने कुरकुरत भावाला उघडलं. खरंच, त्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मी पुढे ढकलत होतो तेव्हा तो मागे ओढत होता. तारा बदलल्या आणि संध्याकाळी रीनाचा आवाज आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये, मोकळ्या भिंतीपाशी उमटला. दुर्पता भिंतीकडे बघत राहिली. "थे इथं बसली हाय," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर रोजचा नेम ठरला. पतिराम फोन आम्हाला जोडून द्यायचा, दार ओढून घ्यायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. दुर्पता आमच्यापासून दोन हातांवर. पतिरामने बारीक आवाज चढवला होता आणि जाड आवाज उतरवला होता, त्यामुळे मोठ्याने बोलायची गरजच पडत नसे. शब्द स्वच्छ लागत. आमचा आवाज कधी ओट्यापर्यंतही गेला नाही. लेक आईला जे फक्त आईलाच सांगते, ते सगळं माझ्यातून गेलं. सासूचं, नवऱ्याचं, अंगाचं, मनाचं. मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मग गोकुळाष्टमीच्या कान्होबाचं विसर्जन आलं.

दुपारी डीजेची गाडी गावातून फिरली. भिंती हादरल्या, दोन घरांच्या छपरावरची कवेलू खाली आली. गाडी कोणाची होती ते गावाला माहीत आहे आणि ठाण्यालाही. कोणीतरी वर तक्रार केली. पोलीस आले तेव्हा गाडी कधीच निघून गेली होती. पण वरून विचारणा झाली होती; काहीतरी जप्त करून दाखवणं भाग होतं. त्यांना पतिरामच्या दारावरची पाटी दिसली.

"डीजे कुठं लपवला बे?" हवालदाराने विचारलं.

"डीजे नाही साहेब. घरचा डबा हाय. बायको बहिरी हाय, तिच्यासाठी बनवलो."

"बहिरीले स्पीकर? काऊन, नाचते का ते?"

बरोबरचे दोघं हसले.

"बहिरी हाय म्हणूनच ना जी," पतिराम म्हणाला.

आवाज मोजायचं यंत्र त्यांनी काढलंच नाही. ते आणलंच नव्हतं. माझा निळा दिवा पाहून त्यांनी मला उचललं. भावाला दिवा नाही, बटण नाही. "हा तर रिकामा डबा होय, राहू दे," म्हणाले. दुर्पता आत पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिला काहीच ऐकू आलं नाही. सूप ठेवून ती बाहेर आली असेल, तेव्हाच फळीवरची माझी जागा रिकामी दिसली असेल.

पतिरामला जामीन मिळाला. सोबत तंबी मिळाली की केस संपेपर्यंत घरात साऊंडचं सामान दिसलं तर जामीन रद्द. त्याने घाबरून माझ्या भावाला धानाच्या कोठीत पुरलं.

इथं माझ्या शेजारी मोहाच्या दारूचे कॅन आहेत, झुंजीच्या कोंबड्यांच्या पायाला बांधायच्या, कोंबडबाजारात पकडलेल्या काती आहेत, आणि मागचं चाक नसलेली एक मोटारसायकल आहे. इथली नोंदवही ठाण्यातल्या दामिनी मॅडमकडे असते. बाई बोलायला तुटक, पण कोर्टाच्या तारखेवरून परतताना पतिराम आला, की दार अर्धं उघडून त्याला मला पाहू देत. एकदा ठाण्यातले साहेब तिथंच उभे होते. पतिरामने मला परत मागितलं.

"बिल आहे?" साहेबांनी विचारलं.

"घरी बनवलो जी."

"मग तुझा कशावरून?"

"खोला ना साहेब. आत सावरीचा कापूस हाय. समोरचा कपडा बायकोच्या लुगड्याचा. न खोलता सांगून रायलो ना?"

"मुद्देमाल खोलता येत नाही."

त्याने पट्टीचं बिल पुढे केलं. ते पट्टीचं आहे, स्पीकरचं नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे बाजारातून आणलेली वस्तू तुमची, आणि स्वतःच्या हाताने बनवलेली बेवारस. हा नियम कोणी केला मला ठाऊक नाही. करणाऱ्याने जन्मात कधी भिंतीत खुंटीही ठोकली नसावी.

घरी काय चाललंय ते पतिराम दामिनी मॅडमला सांगे, आणि मी ऐके. "आता फोन आला का मीच बोंबलतो मॅडम. पोरगी माह्या कानात बोलते, मी तिच्या मायच्या कानात ओरडतो. शेजारचे म्हणतात, पतिरामचा डीजे सुरू झाला."

दामिनी मॅडम हसल्या, मग नोंदवही उघडून बसल्या.

हिवाळ्यात रीनाला दिवस गेल्याची बातमी आली. तीही ओरडूनच सांगावी लागली. दुर्पताला नीट समजायच्या आधी फाटकावरचा माणूस पेढे मागायला आला होता. पतिरामने हे हसत सांगितलं. पुढच्या खेपेला त्याच्या बोलण्यात हसू नव्हतं. "पोरगी आता जास्त बोलत नाही. बरी हाय, जेवली, ठेवते. एवढंच."

मग मार्चमध्ये एक दिवस तो तारीख नसताना आला. पायरीवरच बसला.

"बाळ गेलं मॅडम. पाचवा महिना होता. रोज बरी हाय म्हणे."

त्यानंतर त्याने एकच ध्यास घेतला, काहीही करून मला घरी न्यायचं. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एकाने त्याला वाट दाखवली. "काका, गुन्हा कबूल करून टाका. कबूल केला का डबा तुमचाच ठरते. मग मागून घ्या." पतिरामने आयुष्यात कोणाच्या शेतातली काडी उचलली नव्हती. त्याने कोर्टात हात जोडून सांगितलं, डीजे माझाच आहे, मीच वाजवला.

दंड झाला. मी त्याचा ठरलो. आणि त्याच कागदावर पुढची ओळ होती, गुन्ह्यात वापरलेली वस्तू सरकारजमा करून नष्ट करावी.

त्या दिवशी पतिराम मला पाहायला आला नाही. दामिनी मॅडम दुसऱ्या कोणाला सांगत होत्या, त्याने दारावरची पाटी काढली, आता दुर्पताच्याच जुन्या गिरणीत पोती उचलतो. केस संपली, तंबीही संपली, पण माणूस इतका भ्यालाय की साधा चार्जरसुद्धा हातात घेत नाही.

काल रीना आली. ओढलेली, डोळ्यांखाली काळी. पतिराम तिच्यासोबत होता, पण तो बाहेर कडुनिंबाखालीच थांबला.

"मॅडम, एकदा पाहू द्या," रीना म्हणाली.

दामिनी मॅडमने कुलूप काढलं. "ऑर्डर आली आहे ताई. माझ्या हातात काही नाही. पण एवढ्याशा डब्यासाठी हैदराबादेहून आलात?"

रीनाने मागे वळून वडील दूर आहेत ना ते पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलली. "चौथ्या महिन्यापासून अंगावर जाऊन राहिलं होतं. सासू म्हणे, होते असं, ड्यूटी सोडू नको. मी नर्स आहे मॅडम, मला कळत होतं. पण मले माय पायजे होती, घरी ये म्हणायले. माय म्हणाली असती तर मी कोणाचं आयकलं नसतं. मायला वाचता येत नाही. फोन लावला का मधात बाबा. बाबाले असं कसं सांगू? आन सांगितलं असतं, तर त्यांनी ते ओट्यावर ओरडलं असतं."

दामिनी मॅडमने वही मिटली. "आता तरी सांगितलं का आईला?"

"चार दिवस झाले येऊन, रविवारी रजा संपते. माय पाठीवरून हात फिरवते, काऊन गेलं वो, विचारते. मी नुसती मान हलवते. घराला घर लागून आहे मॅडम. कसं सांगू? ओरडून?"

तिने माझ्या अंगावरच्या हिरव्या कापडाला बोट लावलं आणि निघून गेली. वडिलांना तिने काहीच सांगितलं नाही. दोघं ठाण्याच्या फाटकाबाहेर पडताना मी उघड्या दारातून पाहिलं.

उद्या सकाळी ठाण्याच्या अंगणात कॅनमधली दारू ओततील, काती मोडतील आणि मला हातोड्याने फोडतील. फोटो निघेल. वर्तमानपत्रात येईल की पोलिसांनी डीजे नष्ट केला. माझी कोणाबद्दल तक्रार नाही, असं म्हणून जाण्याची आमच्याकडे रीत आहे. मी ती पाळणार नाही. माझी तक्रार आहे. ज्या गाडीने कवेलू पाडली ती यंदाच्या कान्होबालाही येणार आहे, आणि एका आईच्या खोलीतून मला उचलणाऱ्यांना आपण काय नेलं हे आजही ठाऊक नाही.

बाकी जे सांगायचं ते पतिरामला. पतिराम, मला विसर. कोठीतून डाव्याला बाहेर काढ. त्याच्या अंगावरचा धानाचा तूस झटक. त्याच्या पोटातला कापूस थोडा सारलास तर एक नवी पट्टी सहज मावते, आणि दुर्पताला एक डबाही पुरेल. भीती वाटते, ते मी जाणतो. दारावर पाटी लावू नकोस, निळा दिवा जोडू नकोस, कोणाला दाखवू नकोस. रीनाची रजा रविवारी संपते. तुझ्या हातात पाच दिवस आहेत. तिला शेजारच्या खोलीतून फोन लावू दे, हळू बोलू दे. फोन जोडून दे, दार ओढून घे आणि ओट्यावर जाऊन बस. आत काय बोलणं झालं ते कोणालाच विचारू नकोस.