बारीक आणि टोकदार

इंदिरानगरच्या सावळीरामांना जावयापुढे हार मान्य नव्हती, मग विषय कोणताही असो. या खेपेला विषय निघाला छर्र्याच्या बंदुकीने पत्र्याला भोक पाडण्याचा.

“मामा, छर्रा जाड हवा. बोथट असला तरी दणका बसतो,” जावई अमोल म्हणाला.

“जावईबापू, दणक्याने नुसता पोचा येतो. भोकाला बारीक आणि टोकदारच लागतो.”

दोघे आपापली बंदूक घेऊन परसात गेले. तिथे धान्याची पत्र्याची कोठी होती. तांदूळ संपल्याची कुरकुर सावळीरामांच्या पत्नी मालनबाई आठवडाभर करत होत्या, तेव्हा ती रिकामीच असणार.

अमोलचा जाड छर्रा पोचा पाडून खाली पडला. सावळीरामांचा टोकदार छर्रा पत्रा फोडून आत गेला. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला.

आवाजाने मालनबाई बाहेर आल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. आत सकाळीच आणलेला घोटीचा तांदूळ काठोकाठ भरला होता.

“जावईबापूंचा बाहेरच राहिला, त्यांनी जेवायला बसावं,” त्या म्हणाल्या. “तुमचा आत गेलाय. सापडेपर्यंत तांदूळ निवडा.”

सावळीराम सूप घेऊन बसले.

आतून पुरणपोळी मोडत अमोल म्हणाला, “मामा, जाड असता तर एव्हाना सापडला असता.”