पाठकोरे हत्ती

आई गेल्याला एकवीस दिवस झाले आणि बाविसाव्या दिवशी लेक तिचा बालवर्ग उघडून बसली. नवी बाई मिळेपर्यंत सांभाळा, असं संस्थेच्या चिटणीसांनी सांगितलं होतं. मुलं आईला ताई म्हणायची; हिला ती 'ताईंची ताई' म्हणू लागली. नातं उलटंपालटं झालं होतं, पण तिने ते सुधारलं नाही.

भिंतीवर आईने लावलेली तीस चित्रं होती. आईची एक रीत होती. "हे काय काढलंस?" असं मुलाला कधी विचारायचं नाही. "याची गोष्ट सांग" म्हणायचं, आणि ते बोलेल ते जसंच्या तसं चित्राखाली पेन्सिलीने लिहायचं. एक कागद नुसता काळा होता. खाली आईचं अक्षर: 'वीज गेली. आजोबा खुर्चीत आहेत.'

त्या कागदापाशी लेक रोज जरा जास्त थांबायची.

पालकसभेच्या सकाळी चिटणीस बगलेत गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक कागदावर छापलेला तोच हत्ती.

"तासाभरात पालक येतील. एवढं रंगवून घ्या. करडा रंग, रेघेच्या आत."

"हत्ती मुलं आपले आपण काढतील की."

"नको. गेल्या वर्षी एकाच्या हत्तीला चाकं होती."

"सामानाचा होता तो," कोपऱ्यातून एका मुलाचा आवाज आला.

चिटणीस काळ्या कागदापुढे थांबले. "आणि हे काय? शाई सांडली तीही टांगायची?"

"खाली लिहिलंय."

"वाचलं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणून गप्प होतो, पण लाडानं पोरं वाया जातात. तीस हत्ती दिसले की पालकांना कळतं, इथं शाळा भरते. हे बघून काय कळणार?"

"तीस मुलं आहेत, एवढं कळेल."

चिटणीसांचा पारा चढला. "भिंत मोकळी करा, नाहीतर किल्ली द्या. उद्या दुसरी बाई उभी करतो."

किल्ली देऊन टाकणं सोपं होतं; तिची स्वतःची वेगळी नोकरी होती, घर होतं. पण मग संध्याकाळपर्यंत आईचं अक्षर केराच्या टोपलीत गेलं असतं.

"किल्ली देत नाही," ती म्हणाली. "आणि भिंतीलाही हात लावत नाही."

तिचा नाद सोडून चिटणीस मुलांकडे वळले. "चला रे, ही चित्रं काढा. सगळी. आत्ताच्या आत्ता."

चित्रं काढा याचा त्या खोलीत एकच अर्थ होता. मुलांनी गठ्ठा हातोहात वाटून घेतला. तीस हत्ती पालथे पडले; मागची बाजू कोरी होती, आणखी काय हवं? ब्रश पाण्यात बुडाले.

"अरे, काढा म्हणजे उतरवा!"

"ऐकताहेत की तुमचं," ती म्हणाली. "मुलं गुणी आहेत."

चिटणीसांनी स्वतःच भिंतीकडे हात नेला. ती मध्ये येऊन उभी राहिली.

"आईनं लावलंय. मी हलणार नाही. मला ढकलायचं असेल तर थांबा थोडं, पालक येतीलच."

हात तसाच राहिला. दाराबाहेर चपलांचे आवाज सुरू झाले होते. खिडकीतल्या उजेडात चिटणीसांची लांब सावली एका मुलीच्या कागदावर पडली होती. तिने मान वर केली.

"काका, सरका ना. मला दिसत नाहीये."

चिटणीस सरकले.