आनंदरावाची थाप

खोटं बोलायचं तर दणक्यात बोलावं, या मताचा मी. मुलगा संघपाल भंडाऱ्याला नर्सिंगला लागला, तेव्हा आमच्या सानगडीच्या पानठेल्यावर ताराचंद म्हणाला, "आनंदराव, पोराले आता लुगडं घेऊन द्या!" माझं डोकंच भडकलं. तेव्हापासून मी गावभर सांगत सुटलो, पोरगा डॉक्टरकी शिकतो.

त्यात करोना आला. दुसऱ्या लाटेत शिकाऊ पोरांनाही वॉर्डात ड्युटी लागली. थाप उघडी पडू नये म्हणून मी संघपालला बजावलं, "वॉर्डातलं गावात कोनाले सांगू नको." पोर गुणी, गप्प राहिलं.

पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला विहारापुढे त्याचा सत्कार ठरला. फ्लेक्स मीच छापून आणला: डॉ. संघपाल. त्यानं तो वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ माइक हातात घेतला.

"मी डॉक्टर नाही. मी नर्सिंगले आहो, अन् मले त्याचा अभिमान आहे. डॉक्टर पाहून जात. पेशंटले पालथं झोपवनं, पानी पाजनं, जवळ बसनं, हे आमचं काम."

ताराचंद फिसकन हसला. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

तेवढ्यात बायांमधून पार्वताबाई उठली. तिचा नवरा नत्थू करोनात संघपालच्याच वॉर्डात वारला होता. घरच्यांना तोंडही पाहता आलं नव्हतं.

"बाबू, मंग आमच्या बुढ्याजवळ शेवटी कोन होतं?"

"मी होतो, आजी. हात धरून होतो."

"काही बोलला काय?"

"उन्हाळी धान कापून झाला काय, विचारत होते. मी म्हटलं, झाला."

पार्वताबाई मटकन खाली बसली. "एकटा नोहता मंग," म्हणाली आणि रडू लागली.

वर्षभर ती बाई झुरत होती, नवरा बेवारशासारखा मेला म्हणून. आणि सांगणाऱ्या पोराचं तोंड मी बंद करून ठेवलं होतं! ताराचंदच्या टोमण्यानं कधी वाटली नव्हती इतकी शरम मला माझीच वाटली.

संघपाल स्टेजवरून उतरला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला. ताराचंदही आता हसत नव्हता.

मागे कुणी पाहुणा विचारत होता, "कोनाचा पोरगा होय हा?"

मी उठलो. मला माइक लागत नाही.

"माहा होय!" मी ओरडलो. "नर्स आहे!"