वरचे दोन पोशाख

डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या कारखान्यात थोरली बारा वर्षं पोशाखांची खोली सांभाळत होती. खोली इवलीशी. दोन बाकं, हात धुवायची मोरी आणि भिंतीला लोखंडी कपाट. कपाटाची किल्ली कायम थोरलीच्या कमरेला. शेजारच्या दालनात सरकत्या पट्ट्यावर बाटल्या भरल्या जात. तिथे धुळीचा कणही जाता कामा नये, म्हणून आत शिरणारी प्रत्येक बाई नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे उघडे. एकदा बाहेर आली की तो पोशाख बाद. परत जायचं तर वाफेवर शुद्ध केलेला नवा घालायचा. असे पोशाख रोज सकाळी मोजून तीस येत. चौदा बायका सकाळी आत जात, त्याच चौदा जेवणानंतर, आणि वर उरत दोन. मधेच कुणाला लघवीला जावं लागलं तर त्या दोनांतून भागवायचं. तिसरी कुणी उठली, तर जेवणानंतर एकीला पोशाख नाही आणि पट्टा बंद.

म्हणून तिसरी कुणी उठतच नसे. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी थोरली मायेने समजवायची, सकाळी घोटभर चहा, बस, पाणी काय ते घरी गेल्यावर पोटभर. ताईंनी आमचे उंट केले, असं म्हणून बायका हसायच्या. थोरलीला त्यात वावगं काही दिसत नसे. तिचा स्वतःचा नेम होता, दिवा लावून जप पुरा होईतो पाण्याचा थेंब तोंडात नाही. तहान माणसाला सोसता येते, ही तिची पक्की समजूत.

धाकटी, म्हणजे तिची जाऊ, त्याच पट्ट्यावर होती. तिला सातवा लागला होता. सोमवारी दोघींनी रजा टाकली आणि थोरली तिला तपासणीला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बाळ दाखवलं. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, म्हणाल्या. सहा सेंटिमीटरवर आलंय, आठच्या वर हवं. कारणं बरीच असू शकतात, सगळं तपासू. पण आधी सांगा, दिवसाला पाणी किती पिता?

धाकटीने जमिनीकडे बघत सांगितलं, सकाळी अर्धा कप चहा, मग चारपर्यंत काही नाही. घरी आल्यावर एका बैठकीत दोन तांबे.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. असं प्यायचं कुणी शिकवलं, विचारलं. धाकटीने थोरलीकडे बघितलं नाही, आणि त्या न बघण्यानेच थोरलीची कानशिलं तापली. डॉक्टरबाईंनी बजावलं, दर तासाला पेलाभर, लघवी दाबून ठेवायची नाही, शुक्रवारी परत यायचं. नाही वाढलं तर दवाखान्यात ठेवून घेऊ, आणि आणखी उतरलं तर बाळाला वेळेआधी बाहेर काढावं लागेल.

बाहेर आल्यावर थोरलीचा राग आधी धाकटीवरच निघाला. "तुला तोंड नव्हतं का गं?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, आपल्याकडे तिसरी कुणी उठत नाही. मी तर तुमची जाऊ. मीच उठले असते तर तुम्हाला काय काय ऐकावं लागलं असतं?"

थोरलीने दवाखान्याचा कागद घडी करून आपल्या पिशवीत ठेवला.

मंगळवारी पहाटे जपाला बसली, पण मन माळेवर ठरेना. आपली तहान आपण देवापाशी आपखुशीने ठेवली होती. या पोरींची तहान आपण कुणाच्या पायाशी वाहत होतो? त्या बाटल्यांच्या? तिने माळ तशीच डब्यात ठेवली आणि वेळेआधी कारखाना गाठला.

सुपरवायझर बाईंकडे तिने दोनच गोष्टी मागितल्या. धाकटीला लेबलांच्या खोलीत बसकं काम, नाहीतर रोज दहा पोशाख जास्त. बाई हसल्या. "आम्ही काय पोरं काढली नाहीत? नववा भरेपर्यंत उभी होते मी. घरचं माणूस निघालं तेव्हा बरा कळवळा आला हो तुम्हाला."

टोमणा खरा होता, म्हणूनच झोंबला. थोरलीचा आवाज तसाही कधी चढत नसे. तेव्हा तर तो आणखी खाली गेला. बरं, म्हणाली आणि आपल्या खोलीत आली. बाकावर पाण्याची मोठी बाटली ठेवली. नऊच्या ठोक्याला दालनाच्या काचेवर टकटक केली, धाकटीला बाहेर बोलावलं, पेलाभर पाणी पाजलं, मोरीपलीकडे लघवीला धाडलं आणि नवा पोशाख काढून दिला. दहाला तेच. अकराला तिसरा पोशाख निघाला, तेव्हा काचेमागून तेरा जणींचे डोळे रोखून बघत होते.

मग झाकणं लावणारी बाई आपणहून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, ताई, मी सकाळपासून दाबून धरलीय. थोरलीने विचारलं नाही, मोजलं नाही, पोशाख दिला. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

जेवणानंतर कपाटात दहाच उरले. चौघी बाकावर बसून राहिल्या आणि पट्टा थांबला. सुपरवायझर बाई तणतणत आल्या, म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता किल्ली द्या.

थोरलीने कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या. पोशाख कुठून आणाल?"

शेवटी वरून साहेब उतरले. थोरलीने सगळं सांगितलं, दवाखान्याचा कागद दाखवला. साहेबांनी कागद वाचला, तिथूनच लेबलांच्या खोलीला फोन लावला, उद्यापासून एक बाई पाठवतो, खुर्ची द्या म्हणाले आणि फोन ठेवला. अर्धं मिनिटही लागलं नाही. पोशाखांचं बघू, म्हणाले. वर हसून म्हणाले, "अहो, एवढंच होतं तर आधी सांगायचं."

थोरलीने आभार मानले नाहीत. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि बारा वर्षांत चार बायका इथे पोटुशा असताना उभ्या राहिल्या. त्यातली एक तापाने फणफणून घरी गेली ती कामावर परत आलीच नाही. लघवीचा संसर्ग, असं कुणीसं म्हणालं होतं. थोरलीने तेव्हा हळहळून तिच्या बाळासाठी लोकरीचं टोपरं विणलं होतं. नव्या पोरीला मात्र तोच उंटाचा धडा दिला होता. तिने रागाची वाटणी केली. साहेबांचा वाटा साहेबांना, सुपरवायझर बाईंचा त्यांना, आणि आपला वाटा आपल्याकडे. तो तिने कमी करून घेतला नाही.

बुधवारपासून धाकटी खुर्चीवर बसून लेबलं तपासू लागली. शेजारी बाटली, दर तासाला पेला. पोशाख मात्र बुधवारीही तीसच आले, गुरुवारीही तीस.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी आकडा सांगितला, साडेआठ. असंच चालू ठेवा, म्हणाल्या. धाकटीच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यातच ती हसलीही. "ताई, आता तरी राग सोडा ना."

थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग डोळे मिटून देवाचे उपकार मानले, आणि आणखी एक मागणं मागितलं. आजवर प्रत्येक जपाच्या शेवटी ती मनाला शांती मागत आली होती. आज म्हणाली, देवा, कपाटात चाळीस पोशाख दिसेपर्यंत मला शांत करू नकोस.