ठिकाण सातवं: दार नुसतं लोटलेलं आहे

स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

अगदी हलक्या हाताने ठेवलं होतं कुणीतरी. पण दुपारी दोन ते साडेतीन या वेळात आमच्या घरात मांजराने जांभई दिली तरी मला कळतं. भोंगा आतल्या खोलीत झोपली होती. भोंगा म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं चार. जन्मल्यावर पंधरा मिनिटांत तिच्या बाबाने तिला हे नाव ठेवलं आणि पुढे तिने ते मनापासून सार्थ केलं. तो बाबा कामावर गेलेला. मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर नकाशा पसरून बसलेली. म्हणजे झाकण ठेवायला घरात कुणी उरलंच नव्हतं.

मी हाताला लागली ती फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

ओट्यापाशी हेल्मेट घातलेले दोघं उभे होते. पन्नाशीचा एक गृहस्थ आणि त्याची बहीण. बहीणच असणार, नाक तेच होतं. दोघांच्या पायात नुसते मोजे. गृहस्थाने ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं.

"हळू," तो कुजबुजला. "आत कुणीतरी झोपलंय."

"माझी मुलगी आहे ती," मीही कुजबुजले. कुजबुजत भांडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"अगं बाई!" बहिणीने छातीवर हात ठेवला. "म्हणजे तुम्ही इथल्याच?"

"दूध आम्ही झाकलंय," गृहस्थ म्हणाला. "आता शिक्का कुठे मिळेल तेवढं सांगा, की निघालोच. पुढे दीपगृह आहे आणि वारा उलटा सुटलाय."

त्याच्या हातात पुस्तिका होती. ती माझीच होती. म्हणजे मीच लिहिलेली: 'किनाऱ्याने सायकल, त्रेचाळीस किलोमीटर, नऊ ऐतिहासिक ठिकाणं.'

नऊ? मी आठ लिहिली होती.

आमच्या मार्ग-कचेरीत काम कसं चालतं, ते सांगते. मोठ्या नकाशावर प्रत्येक ठिकाणी लाल गोल टिकली चिकटवायची. तिथली माहिती एका चिठ्ठीवर लिहून क्रमाने टाचणीने टोचायची आणि सगळं गुंडाळून छापखान्यात पाठवायचं. तपासनीस फक्त आकडे मोजतो. टिकल्या नऊ, चिठ्ठ्या नऊ, की झालं. पाठवायच्या दिवशी भोंगा गप्प बसावी म्हणून मी तिला टिकल्यांची एक पट्टी दिली होती. तिने त्या स्वतःच्या कपाळावर, मांजराच्या कानावर आणि माझ्या पाठीवर लावल्या. एक उरली, ती जुना जकात नाका आणि दीपगृह यांच्या मधोमध, आमच्या गल्लीवर. आणि नवऱ्यासाठी दाराला लावायची माझी चिठ्ठी फरशीवरच पडलेली होती. ती कशी टोचली गेली असेल, हे सांगायला नकोच.

पान एकतीसवर, किल्ल्याला जी अक्षरं वापरली होती त्याच भारदस्त अक्षरांत छापलं होतं:

'दार नुसतं लोटलेलं आहे. बेल वाजवू नये. बूट बाहेर. दोन ते साडेतीन पूर्ण शांतता. दूध गार झालं असेल तर झाकून ठेवावं. आत डोकावलं तर चालेल, पण तिच्या नाकाला हात लावू नये.'

मी त्या दोघांच्या पुस्तिकांवर शिक्का म्हणून भोंगाचा बदकाचा ठसा मारला. ते पाऊल न वाजवता गेले. जाताना बहिणीने दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिलं, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

संध्याकाळी नवऱ्याने पान एकतीस दोनदा वाचलं.

"ही चिठ्ठी मला होती ना?"

"हो."

"म्हणजे मी नाकाला हात लावतो, हे आता अख्ख्या जगाला ठाऊक."

"लावतोसच की."

"लावतो. पण ते ऐतिहासिक नाही गं!"

दुसऱ्या दिवशी मी दाराला आतून कडी घातली. अकरा सायकलवाले आले. बेल वाजवायची नाही, म्हणून कुणी वाजवली नाही. शांतता पाळायची, म्हणून कुणी हाक मारली नाही. बूट काढून, हेल्मेट छातीशी धरून, सगळे माना खाली घालून गल्लीत उभे राहिले. शेजारच्या शिंपीणकाकूंनी ते पाहिलं आणि आमच्याकडे कुणीतरी गेलं असं समजून मोठ्याने गळा काढला. भोंगा उठली ती सहापर्यंत रडत होती. त्या दिवसापासून मी कडी घातली नाही.

मी कचेरीत प्रमुखबाईंना फोन केला.

"अगं, छापून वाटून झाल्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या हंगामापर्यंत काही होत नाही. आणि तू लोकांचे अभिप्राय वाचलेस का? किल्ला: ठीक. मिठागरं: पंक्चर झालं. दीपगृह: वारा फार. आणि तुझं सातवं ठिकाण: 'रडू आलं.' एका निवृत्त कर्नलने लिहिलंय!"

तो कर्नल मला आठवत होता. वाळत घातलेले एवढे एवढे मोजे बघून तो मोरीपाशी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

खरं सांगायचं तर मला हळूहळू ते आवडायला लागलं. सायकलवाले आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करायचे. किल्ल्या बनवणारा दोन वाजता हातोडी खाली ठेवायचा. भंगारवाला हातवारे करून भंगार मागायचा. चार वर्षांत अशी दुपार मला मिळाली नव्हती. मी डोंगराकडच्या मार्गाची अख्खी पुस्तिका लिहून काढली. पूर्वी मी मार्ग स्वतः सायकल मारत फिरून लिहायची. प्रत्येक चढ आधी मांड्यांना कळायचा, मग कागदाला. भोंगा झाल्यापासून माझी सायकल बोळात उभी आहे, तिच्यावर चादरी वाळतात आणि चढ मी नकाशावरच्या रेघा मोजून लिहिते. पलंगाच्या पायथ्याशी बसून करता येईल असं दुसरं काम मला कुणी देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आणि मग एका सोमवारी भोंगा झोपली नाही.

मंगळवारीही नाही. पांघरूण घेऊन टक्क डोळ्यांनी पडून राहायची आणि दारात हेल्मेट दिसलं की सांगायची, "मी झोपलेय."

"हो हो, दिसतंय ना," लोक कुजबुजायचे.

"तुमच्या सायकलला गिअर किती?"

"एकवीस."

"काल एका आजोबांना सत्तावीस होते." आणि कूस बदलायची.

बुधवारी सकाळी प्रमुखबाईंचा फोन. या वेळी त्या स्वतःच कुजबुजत होत्या. "उद्या दोन वाजता वारसा निरीक्षक येतोय. सगळी ठिकाणं तपासून झाली, तुझं तेवढं राहिलंय. त्याने 'ऐतिहासिक नाही' असं लिहिलं ना, तर सगळ्या पुस्तिका परत मागवाव्या लागतील. मग चिठ्ठी कुणाची, हे विचारतीलच. मी तरी तुला किती पाठीशी घालणार? मुलीला झोपव, बाई. काहीही कर, पण झोपव."

काहीही केलं. गुरुवारी सकाळी सायकलवरच्या चादरी उतरवल्या, भोंगाला मागे बसवलं आणि समुद्राच्या बांधावरून किल्ल्यापर्यंत नेलं. किल्ल्याच्या पायऱ्या तिला दोनदा चढवल्या. तोफा मोजायला लावल्या. बावीस भरल्या, मग तिने उलट्या क्रमाने मोजल्या. येताना वारा उलटा. जकात नाक्याच्या चढावर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि ती मागून ओरडत होती, "आई, अजून जोरात!" जेवून दीड वाजता मी तिच्याशेजारी आडवी झाले. मला झोप लागली. रजा काढून घरी राहिलेल्या तिच्या बाबाने अंगाई म्हटली. त्याला लागली. तिने आम्हा दोघांच्या अंगावर पांघरूण घातलं.

दोनला पाच कमी असताना तिनेच आम्हाला हलवून उठवलं. बरोबर दोनला निरीक्षक आला. किडकिडीत, गंभीर, खांद्याला मोजपट्टी. बूट बाहेर काढून त्यांची जागा त्याने वहीत टिपली. दूध झाकलं. घड्याळ लावून चार मिनिटं नुसता शांतता ऐकत उभा राहिला. मग आतल्या खोलीच्या दारात आला.

भोंगाने डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पापण्या थरथरत होत्या. नवरा भिंतीला चिकटून उभा होता, दोन्ही हात खिशात.

निरीक्षक पलंगाशी गुडघ्यावर बसला.

"झोपलीस का?"

"हो," भोंगा म्हणाली.

संपलं, मी मनात म्हटलं.

"किती दिवस झाले?" त्याने वळून मला विचारलं.

"कशाला?"

"ही झोपत नाही त्याला."

आता खोटं बोलून काय उपयोग? "सोमवारपासून," मी म्हणाले. "पण उद्या झोपेल. दमलेली आहे. थोडं थांबलात तर—"

"नको, नको! फार छान झालं." त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला. "ताई, मला हीच भीती होती. झोपलेली सापडली असती तर मला नाही म्हणावं लागलं असतं."

"म्हणजे?" नवरा.

"किल्ल्यावर आज कुणी लढतंय का? जकात नाक्यावर कुणी जकात घेतंय? दीपगृहाला मी नऊ वर्षं सही दिली नाही. दिवा बंद पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिली. चालू आहे त्याची नोंद होत नसते. इथली झोप संपली. म्हणजे ठिकाण ऐतिहासिक आहे, अगदी नियमात बसतंय." त्याने फॉर्म काढला. "तुमची नोकरी, पुस्तिका, सगळं राहील. भिंतीवर लहानशी पाटी लावू: 'येथे एक लहान मुलगी दुपारी झोपत असे.'"

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. मलाही टाकायचा होता. 'झोपत असे' या शब्दांपाशी तो अडकला.

"एवढंच भरायचं राहिलंय," निरीक्षक म्हणाला आणि माझ्यापुढे पेन धरलं. चौकटीवर लिहिलं होतं: शेवटची झोप, दिनांक आणि वेळ.

"रविवार असेल," नवरा म्हणाला.

"रविवारी आपण बाहेर होतो."

"मग शनिवार."

शनिवारी मी पुढच्या हंगामाची पुस्तिका सुधारताना मिठागरांच्या वळणावर अडकले होते. ते डावीकडे लिहावं की समुद्राला पाठ करून लिहावं, हे सुचत नव्हतं. उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि ती पाठीमागे होती. उठली तेव्हा तिने हाक मारली. "थांब गं, दोनच मिनिटं," मी म्हणाले. मागे वळूनही पाहिलं नाही. की ते शुक्रवारी झालं?

निरीक्षक पेन धरून वाट पाहत होता. त्याला घाई नव्हती.

भोंगा पांघरूण सारून उठून बसली. तिने फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, मी शेवटची झोपले तेव्हा कुठल्या कुशीवर होते गं?"