आवाज बंद

"आवाज बंद ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि संगणकापाशी बसलेल्या सहायिकेने बटण दाबले. पडद्यावर काकूंचे ओठ नुसतेच हलू लागले; बाजूला त्यांच्या मेंदूचा आलेख सरकत होता.

निधी समिती पहिल्या रांगेत होती. शेवटच्या रांगेत खुद्द काकू बसल्या होत्या, मांडीवरची पर्स घट्ट धरून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर बोलण्यावरच पोट भरलेल्या काकूंची वाचा पक्षाघाताने नेली. नंतर 'हो' आणि 'नाही' एवढेच उरले. मेंदूचे डॉक्टर, भाषेच्या प्राध्यापक बाई आणि नाटक शिकवणारे मास्तर असा तिघांचा प्रकल्प अशा रुग्णांसाठीच होता. मास्तर त्यांच्याकडून नाटकातले संवाद बसवून घेत. काकूंच्या वाट्याला मुलाला धारेवर धरणारी आई आली होती.

"बोलण्यावरचा प्रकल्प, आणि दाखवताय मूकपट," बाई डॉक्टरांच्या कानाशी म्हणाल्या.

"समितीला आलेख बघू दे. वेळ कमी आहे."

"आणि मास्तरांचं काम?"

"बाई, पाठ केलेलं म्हणणं म्हणजे बोलणं नव्हे. पोपटही म्हणतो. पुढच्या टप्प्यातून नाटक मी काढलंय. मास्तर काय, उद्घाटनाला एखादा प्रवेश बसवतील की."

बाईंच्या हातातल्या पेन्सिलीचे टोक मोडले. निधीचा अर्ज करताना याच डॉक्टरांनी मास्तरांच्या घरी तीन खेपा घातल्या होत्या; कलेचा माणूस असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मास्तर पलीकडेच बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि स्वच्छ काचा सदऱ्याने पुसत राहिले.

"पडद्यावरच्या या बाई आता स्वतःहून काही बोलतात का?" समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या.

"दुर्दैवाने नाही," मागे न बघता डॉक्टर म्हणाले.

"बोलतात," मास्तर म्हणाले. "जरा थांबावं लागतं."

"मास्तर, प्रश्न मला विचारलाय."

मागे खुर्ची करकरली. काकू उभ्या राहिल्या होत्या.

"अहो... डॉक्टर," त्या म्हणाल्या. जीभ जड होती, पण शब्द सुटे सुटे येत होते. "कान... गहाण टाकलेत... का हो?"

समितीतले कोणीतरी हसले. डॉक्टरही हसले.

"हे बघा, हेच म्हणत होतो मी. त्यांच्या नाटकातलंच वाक्य आहे. तोंडपाठ."

बाई उठल्या. संगणकाशी जाऊन सहायिकेला म्हणाल्या, "थोडं मागे घे. आणि आवाज सुरू कर."

सहायिकेने डॉक्टरांकडे पाहिले, मग बटण दाबले. पडद्यावरच्या काकूंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बोट रोखले. त्यांचा आवाज सभागृहभर घुमला.

"काय रे मेल्या, कान गहाण टाकलेस का?"

बाईंनी चित्रफीत तिथेच थांबवली.

"टाकलेस," अध्यक्षा स्वतःशीच पुटपुटल्या. "आणि आत्ता... टाकलेत का हो."

त्यांनी आपली खुर्ची उचलून मागे वळवली, पडद्याकडे पाठ करून बसल्या आणि काकूंना म्हणाल्या, "बोला. आम्ही थांबतो."

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.