लिओनीच्या कमरेची बर्फपेटी

मी एका बाईच्या कमरेला बांधलेली बर्फपेटी बोलतेय. हसलात ना? हसा. झाकण तिरकं, कडी मोडकी, पोटात कायम खेकड्यांचा वास. बर्फ टिकवणं एवढं एकच काम माझ्याकडे, आणि तेही मला धड जमत नाही.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुकानातल्या ढिगातून लिओनी पास्कोच्या नवऱ्याने मला उचललं, बिअर थंड ठेवायला. पुढे तो घर सोडून गेला. जाताना गाडी नेली, बोट नेली, कुत्राही नेला. मला मात्र हातही लावला नाही. तेव्हापासून मी लिओनीची.

लिओनी शाळेची बस चालवते. आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला समुद्र उथळ. ओहोटीला सगळे गुडघाभर पाण्यात उतरतात आणि दाताळ्याने वाळू उकरून निळे खेकडे काढतात. पेटी दोरीने कमरेला बांधायची, ती मागून तरंगत येते. म्हणजे लिओनी जाईल तिथं मी, शेपटासारखी.

नवऱ्यानंतर तिला एक जण भेटला. तो टिकला नाही, त्याने दिलेला हर्पिस, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा आणि कधीच पुरता न जाणारा फोडांचा आजार, मात्र टिकला. "जन्मभर सोबत करणारं शेवटी हेच निघालं गं," ती मला म्हणाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळांना असतो, गोळ्या घे, आणि नवं कुणी भेटलं तर जवळीक होण्याआधी सांग. सांग म्हणे! अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. आमच्याकडे जावई नाही, पण औषधाच्या दुकानातली पोरगी लिओनीच्याच बसने शाळेत गेलेली. गोळ्या देताना ती इतकं हळू बोलली, की रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले.

मग आला डार्सी किटो. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, विधुर, बोलण्यात कंजूष. त्याने तिला खेकडे पकडायला बोलावलं आणि मग त्याच्या घरी जेवायला. जेवणानंतर गोष्टी कुठं जातात हे लिओनीला ठाऊक होतं. म्हणून आदल्या दिवशी तिने मला ओट्यावर ठेवलं आणि मलाच डार्सी समजून तालीम सुरू केली.

"डार्सी, मला हर्पिस आहे."

मी गप्प.

"काहीतरी बोल की रे, मेल्या!"

मी काय बोलणार? ती हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. "छान! बर्फपेटीनेसुद्धा नकार दिला मला." देवाने मला तोंड न देता नुसतं झाकण दिलं, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पाण्यात शेजारी चालत होते. लिओनी सांगायला तोंड उघडायची आणि म्हणायची, "आज वारा बरा आहे, नाही?" इकडे माझ्या पोटात चिमुकले खेकडे पडायला लागले, जे कायद्याने सोडून द्यायचे असतात. मोठे मात्र ती नीट मापपट्टी लावून परत पाण्यात सोडत होती. मला कळत होतं सगळं, पण सांगू कुणाला?

डार्सीने माझं झाकण उचललं आणि हबकलाच. "अगं, हे काय! पिल्लं पेटीत आणि मोठे पाण्यात? तपासनीस आला तर दंड भरता भरता नाकी नऊ येतील. तुला तर डोळे मिटूनही माप कळतं. झालंय काय तुला?"

"मला हर्पिस आहे!"

इतक्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडच्या म्हाताऱ्याच्या हातातून खेकडा सुटला.

डार्सीने पिल्लं एकेक करून पाण्यात सोडली. "मी जरा किनाऱ्यावर जातो," म्हणाला आणि निघाला.

लिओनी तिथंच उभी राहिली. "झालं, बये," ती मला म्हणाली, "पुन्हा आपण दोघीच."

शेवटी पाय ओढत आम्ही किनाऱ्याला लागलो. तिथं डार्सीने शेगडी पेटवली होती, वर समुद्राच्या पाण्याचं पातेलं, समोर दोन घडीच्या खुर्च्या.

"बस. पाणी उकळेपर्यंत सगळं सांग. गोळ्या रोज घेतेस का? मी काय जपायचं? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग पळालास का?"

"पळालो कुठं? असलं बोलणं उभ्या उभ्या करतात होय?"

"भीती वाटतेय का तुला?"

"वाटतेय थोडी," डार्सी म्हणाला. "पण जेवायला येशील ना?"

लिओनीने नाक पुसलं आणि सगळं सांगितलं. पाणी खळखळा उकळलं, तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं, की त्यात टाकायला एकही खेकडा नाही.

हल्ली माझं झाकण आणखी तिरकं झालंय आणि बर्फ तासाभरात वितळतो. तुमच्याही मनात असं काही असेल तर बाबांनो, माझ्यासारखीपाशी तालीम करत बसू नका. मी नुसतं थंड ठेवते. माणसापाशी बोला. तो पळेलही, नाही असं नाही. पण त्या दिवशी परत पाण्यात उतरताना डार्सीने लिओनीच्या कमरेची दोरी सोडली आणि स्वतःच्या कमरेला बांधली.

"थोडा वेळ मी ओढतो," म्हणाला.